पहिली मोटरसायकल जुनी घेताय? पुण्यात गाडी कशी बघायची, कागद कसे तपासायचे

पहिली गाडी जुनी घ्यायचा विचार चांगला आहे. शिकाऊ हातात गाडी एकदा तरी आडवी होते. पार्किंगमधून काढताना, चढावर थांबून पुन्हा सुटताना, पावसात खडीवर. क्लचचा लिव्हर मोडतो, इंडिकेटर फुटतो, टाकीला पोचा पडतो. हे चाळीस-पन्नास हजारांच्या गाडीवर झालेलं परवडतं, सव्वा लाखाच्या कोऱ्या गाडीवर जीव हळहळतो.

मात्र जुन्या गाडीत फसायला दोन जागा आहेत: इंजिन आणि कागद. इंजिनात फसलात तर दहा-बारा हजारांत सुटका होते. कागदात फसलात तर गाडी दारात उभी असूनही तुमची नसते आणि पैसेही परत येत नाहीत. नवखे लोक नेमकी उलटी काळजी घेतात. इंजिनाचा आवाज तासभर ऐकतात आणि आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) पाच सेकंद बघून खिशात घालतात. म्हणून या लेखात कागद आधी आणि इंजिन नंतर आहे.

## १. आधी लायसन्स, मग बजेट

ट्रायल घ्यायची तरी लायसन्स लागतं, तेही गिअरच्या गाडीचं. विनालायसन्स चालवल्याचा दंड पाच हजार रुपये आहे. ट्रायलच्या वेळी अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो. लर्निंग लायसन्स असेल तर सोबत पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि गाडीला पुढेमागे लाल रंगात ‘एल’ हवा.

बजेट ठरवताना सगळी रक्कम गाडीवर लावू नका. पन्नास हजार हातात असतील तर चाळीसपर्यंतच्या गाड्या बघा. उरलेल्या दहात आयएसआय मार्कचं हेल्मेट, विमा, नाव बदलण्याचा खर्च आणि पहिली सर्व्हिस बसवायची आहे. बहुतेक जुन्या गाड्यांना टायर, चेनसेट (चेन आणि तिची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) किंवा बॅटरी यांपैकी एक तरी काम लगेच निघतंच.

## २. कोणती गाडी

शिकणाऱ्याने १०० ते १६० सीसीच्या बाहेर बघू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण वेग नाही, वजन आहे. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, युनिकॉर्न १४० च्या आसपास, पल्सर १५० त्याहून थोडी जड. क्लासिक ३५० मात्र १९५ किलोची. लक्ष्मी रोडच्या गर्दीत किंवा सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर गाडी एका बाजूला झुकली की नवखा माणूस ११२ किलो सावरू शकतो, १९५ नाही.

उंचीही बघा. गाडीवर बसून दोन्ही पायांचे पंजे तरी जमिनीला नीट टेकले पाहिजेत. सीटची उंची ७९० मिलिमीटरच्या आसपास असेल तर बहुतेकांना जमते. एक्सपल्ससारख्या ८२० च्या वरच्या गाड्या शिकून झाल्यावर घ्या.

उत्पादनाचं वर्ष निवडताना दोन तारखा लक्षात ठेवा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा निकष) आलं आणि बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. नव्या चालकाचा हात घाबरला की पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो, आणि ओल्या रस्त्यावर तेव्हाच पुढचं चाक घसरतं. त्यामुळे १५० सीसी घेणार असाल तर २०१९ नंतरची, एबीएसची गाडी चार-पाच हजार जास्त देऊनही घ्यावी. बजेट कमी असेल तर बीएस-४ ची १००-१२५ सीसीची कार्ब्युरेटरवाली गाडी वाईट नाही. गल्लीतला मेकॅनिकही ती दुरुस्त करतो.

शाईन, स्प्लेंडर, युनिकॉर्न, पल्सर, एफझी, अपाचे यांचा कुठलाही पार्ट नाना पेठेत मिळतो. बंद पडलेलं किंवा कमी खपलेलं मॉडेल स्वस्त मिळालं तरी पहिल्या खेपेला टाळा. सायलेन्सर बदललेली, मडगार्ड कापलेली, एलईडी पट्ट्या लावलेली गाडीही टाळा. वायरिंगला एकदा कुणी हात लावला की दोष शोधण्यात मेकॅनिकचे तास जातात आणि त्या तासांचे पैसे तुम्ही भरता.

## ३. शोधायची कुठे

सगळ्यात उत्तम गाडी ओळखीतली: सोसायटीतले काका, ऑफिसातला सहकारी. रोज डोळ्यांसमोर असते, कशी वापरली ते माहीत असतं. त्यानंतर शिक्षण संपवून गावी परतणारे विद्यार्थी. मे-जूनमध्ये कोथरूड, कर्वेनगर, कात्रज, आंबेगाव भागात अशा गाड्या बऱ्याच निघतात आणि विकणाऱ्याला घाई असल्याने भाव उतरतो. फक्त एक बघा. गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते आणि वडील लातूर-नांदेडला असतात. सही त्यांचीच लागते, मुलाची चालत नाही.

परराज्यातल्या पासिंगची गाडी मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब केल्यावर क्वचितच स्वस्त पडते. महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्याच्या गाडीला टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही, नंबरही तोच राहतो.

डीलरकडे पाच-दहा हजार जास्त जातात, पण दहा गाड्या एका जागी बघता येतात. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र घेणं बंधनकारक आहे. ते दाखवा म्हणायला संकोच करू नका.

## ४. कागद

गाडी बघायला जाण्याआधी फोनवरच नंबर मागून घ्या. एमपरिवहन ॲपमध्ये तो टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्जाची नोंद, गाडी कितव्या मालकाकडे आहे हे कळतं. वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर थकलेला दंड बघा. पुण्यात सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांमुळे चार-पाच हजारांची चलानं साचलेल्या गाड्या भरपूर आहेत. ती भरायची विकणाऱ्याने, व्यवहाराआधी.

प्रत्यक्ष गेल्यावर हे मागा:

- मूळ आरसी किंवा स्मार्ट कार्ड (झेरॉक्स नको)
- विम्याची पॉलिसी
- पीयूसी
- कर्ज असेल किंवा होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा)
- मालकाचं आधार आणि पॅन
- दोन्ही किल्ल्या
- सर्व्हिसची बिलं, असतील तितकी

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी एकेक अक्षर मिळवा. चेसिस नंबर हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. तो सतरा अक्षर-अंकांचा. माती पुसा, टॉर्च मारा. अक्षरं वेडीवाकडी, खोली कमी-जास्त, आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा तेवढ्याच भागाला नवा रंग दिसला तर तिथून निघा. कारण ऐकत बसू नका.

आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर “हप्ते फिटलेत, एनओसी येईलच” यावर पैसे देऊ नका. एचपी (आरसीवरची ही कर्जाची नोंद) उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. एनओसीवर तारीख असते, फार जुनी असेल तर बँकेकडून नवी आणायला लावा.

नंबरप्लेट एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी प्लेट) आहे का बघा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नंतर बसवून घ्यावी लागते. ती नसेल तर आरटीओची कामं अडतात.

पंधरा वर्षांची नोंदणी संपत आलेली गाडी स्वस्त दिसते. नूतनीकरण, पर्यावरण कर, आरटीओत गाडी नेऊन तपासणी हे सगळं त्यात धरा. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

## ५. बघायला कधी, काय घेऊन

सकाळी, उजेडात, आणि गाडी कोरडी असताना. नुकत्याच धुतलेल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत आणि तेलगळतीही लपते. “इंजिन सुरू करून ठेवू नका, मी आल्यावर करू” असं आदल्या दिवशीच सांगा. सोबत टॉर्च, एक जुनं पांढरं फडकं आणि जमल्यास मल्टिमीटर घ्या. आणि गाडी कळणारा माणूस. मेकॅनिकला वेळेचे पैसे देऊन न्या. विकणाऱ्याचा मेकॅनिक त्याच्या बाजूने बोलणार.

## ६. इंजिन थंड असताना

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाच्या बाजूला हात लावा. कोमट लागलं तर गाडी आधीच सुरू करून ठेवलेली आहे. थंडीत सुरू न होणं, सुरुवातीचा निळा धूर आणि टायमिंग चेनचा खुळखुळाट, हे तिन्ही दोष इंजिन तापलं की बरेचसे दडतात. तासाभराने परत या, किंवा दुसऱ्या दिवशी.

तेल. डिपस्टिक काढा किंवा काचेतून बघा. काळं तेल ही अडचण नाही, वापरलेलं तेल काळंच असतं. पातळी खुणेच्या खाली असेल तर गाडी तेल खाते किंवा मालक लक्ष देत नाही, दोन्ही वाईट. दुधाळ, चहासारख्या रंगाचं तेल म्हणजे आत पाणी गेलंय.

किक. किकची गाडी असेल तर चावी बंद ठेवून हाताने किक दाबा. मध्ये जोर लागला पाहिजे. सहज खाली गेली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरलंय.

सुरू करताना. कार्ब्युरेटरच्या गाडीला थंडीत चोक लागणं साहजिक आहे. पण दोन-तीन प्रयत्नांत ती सुरू व्हायला हवी आणि मिनिटभराने चोक काढल्यावर आयडलवर टिकायला हवी. ॲक्सिलेटर पिळत ठेवला तरच चालत असेल तर कार्ब्युरेटर साफ करण्यापासून व्हॉल्व्हपर्यंत काहीही असू शकतं.

धूर. पहिला अर्धा मिनिट सायलेन्सरकडे बघत राहा. गार हवेत पांढरी वाफ येते आणि विरते, ती सोडून द्या. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. फक्त सुरुवातीला येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेले. गाडी तापल्यावर ॲक्सिलेटर दिला की येत असेल तर रिंगा आणि बोअर झिजलेत, म्हणजे हाफ इंजिनचं काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्याचं काम तुलनेने स्वस्त. धूर लपवण्यासाठी जाड तेल भरण्याची युक्ती जुनी आहे, म्हणून ट्रायलवरून आल्यावर पुन्हा एकदा बघा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं फिरवा. कोरडी काजळी चालेल, तेलकट चिकट थर नको.

आवाज. बारीक, एकसारखी टिकटिक टॅपेटची असते, सेटिंग केलं की जाते. इंजिनाच्या एका बाजूने येणारा साखळी हलल्यासारखा खुळखुळाट टायमिंग चेनचा. ती आणि टेन्शनर बदलावे लागतात. खालून येणारा जड ठोका क्रँकचा. तो ऐकू आला की भावाची चर्चाच नको.

बॅटरी. इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास, सुरू करून थोडा ॲक्सिलेटर दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. तेराच्या खालीच राहिलं तर बॅटरी बदलून उपयोग नाही. आरआर युनिट (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) किंवा कॉइल गेलेली असते.

पुण्यात आणखी एक तपासणी करावीच लागते: गाडी पुरात बुडाली होती का. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरी परिसरात दुचाक्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात येऊ शकतात. सीट काढा, एअर फिल्टरचा डबा उघडा. आतल्या कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची रेघ, वायरिंगच्या जोडांत हिरवट गंज, हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याचे डाग, मीटरमध्ये वाफ, यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर गाडी सोडा. इंजिन दुरुस्त होतं, वायरिंग मात्र प्रत्येक पावसाळ्यात दगा देतं.

## ७. फ्रेम, फोर्क, चाकं

गाडी सेंटर स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक वर उचला. हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकाला ढकला. मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. खड्ड्यांमुळे इथल्या गाड्यांचा तो लवकर जातो आणि खर्च फार नसतो. मग फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) खालचे दोन्ही नळ धरून पुढेमागे हलवा, खडखड नको. फोर्कच्या चकचकीत दांड्यांवरून फडकं फिरवा. तेलाचा डाग लागला तर ऑइल सील फुटलेत.

चार पावलं मागे जाऊन गाडीच्या मागे उकिडवे बसा. दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का? हँडल सरळ असताना पुढचं चाक तिरकं असेल, फूटरेस्ट एका बाजूने वाकलेला, लिव्हरची टोकं घासलेली, मानेजवळ वेल्डिंग किंवा रंगात सुरकुत्या असतील तर गाडी जोरात धडकलेली आहे. टाकी आणि पॅनेलवरचे ओरखडे चालतील, फ्रेमवरचं वेल्डिंग नाही.

टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक होतं आणि ओल्या सिमेंट रस्त्यावर घसरतं. चेन मधोमध बोटाने वर-खाली हलवून बघा, दोन-तीन सेंटिमीटर हालचाल ठीक. मागच्या स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेले असतील किंवा तिथे चेन मागे ओढल्यावर दात उघडा पडत असेल तर पूर्ण चेनसेट बदलावा लागेल. मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. खेळ असेल तर बेअरिंग किंवा मागच्या चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश झिजलेत.

मीटरवर विश्वास ठेवू नका. शहरात रोज वापरलेली गाडी वर्षाला सहज आठ-दहा हजार किलोमीटर होते. सहा वर्षांच्या गाडीच्या मीटरवर १८ हजार दिसतात आणि ब्रेक पेडल गुळगुळीत, ग्रिप चपट्या, सीट खचलेली, तर मीटर मागे फिरवलंय किंवा बदललंय. सर्व्हिसच्या बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात, ते लावून बघा.

## ८. चालवून बघणं

हात बसला नसेल तर सोबतच्या जाणत्या माणसाला चालवू द्या, तुम्ही मागे बसा. (लर्निंग लायसन्सवर तुम्ही शिकवणाऱ्या लायसन्सधारकाखेरीज कुणाला मागे बसवू शकत नाही.) सपाट रस्त्यावरची एक चक्कर पुरत नाही. चढ हवाच. कात्रजकडचा, एनआयबीएमचा, चांदणी चौकाकडचा, नाहीतर जवळचा उड्डाणपूल.

चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर द्या. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लचप्लेट संपल्यात. प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलेटर देऊन सोडा. गिअर आपोआप सुटत असेल तर इंजिन फोडावं लागेल आणि तो मोठा खर्च आहे. मोकळ्या रस्त्यावर हात हलके ठेवा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. पुढचा डिस्क दाबताना लिव्हर धडधडला तर डिस्क वाकडी. स्पीडब्रेकरवरून जाताना मागून ‘टक’ आवाज आला तर शॉकअप किंवा बुश.

## ९. भाव

जाहिरातीतला आकडा सोडून द्या. तेच मॉडेल, तेच वर्ष, पाच-सहा गाड्यांचे भाव बघा म्हणजे अंदाज येतो. मग तपासणीत निघालेली कामं मोजा. दोन्ही टायर साधारण चार ते पाच हजार, चेनसेट दीड-दोन हजार, बॅटरी हजार-दीड हजार. “कमी करा ना” याला उत्तर “नाही” येतं. “टायर २०१८ चे आहेत, चेनसेट संपलाय, सहा हजार मला लगेच घालायचेत” याला उत्तर आकड्यात येतं.

## १०. पैसे आणि नाव

ठरलं तर इसार म्हणून हजार-दोन हजार द्या, ऑनलाइन द्या, आणि गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम, चलानं कोण भरणार हे मेसेजवर लिहून घ्या.

नाव बदलायला फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३० लागतो, फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो आणि चेसिस नंबरचा पेन्सिल छाप. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरताना मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. आरसीला जोडलेला नंबर बंद पडलेला असेल तर सगळं तिथेच अडतं, म्हणून हे आधी विचारा. तुम्ही पुणे शहरात राहत असाल तर संगम पुलाजवळचं आरटीओ, पिंपरी-चिंचवडला राहत असाल तर एमएच-१४ चं.

सगळ्यात मोठा सापळा आहे कोऱ्या सह्यांचा टीटीओ सेट (नाव बदलण्याच्या फॉर्मवर आधीच सह्या करून ठेवलेला संच). “सह्या आहेत, नाव सवडीने लावा” असं सांगून गाडी हातात दिली जाते. मधल्या काळात मालक गाव बदलतो, फोन उचलत नाही, आणि गाडी चार वर्षं दुसऱ्याच्याच नावावर फिरते. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत (गाडी त्याच राज्यात राहत असेल तर) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज सबमिट होऊन पावती हातात आली की उरलेली पूर्ण रक्कम द्या. विकणारा घाबरत असेल तर दोघांनी एकत्र बसून अर्ज भरा आणि तिथेच पैसे पाठवा. एजंटला देणार असाल तर सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती हे वेगळं विचारा.

विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. त्यामुळे ॲपमध्ये विमा चालू दिसला तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग कधीच संपलेला असू शकतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो.

## ११. पहिल्या आठवड्यातली कामं

“कालच सर्व्हिस केलीय” असं सांगितलं असलं तरी इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग बदला. ब्रेकचे लायनर उघडून बघा. क्लच आणि ॲक्सिलेटरच्या केबल जुन्या असतील तर त्याही. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेला तोच, आणि मोटरसायकलचंच ऑइल. कारच्या ऑइलने क्लच घसरायला लागतो. १०० ते १५० सीसीला साधारण एक लिटर लागतं.

जुनं तेल काढताना मेकॅनिकशेजारी उभे राहा. ते पांढऱ्या भांड्यात घ्यायला सांगा आणि उजेडात बघा. बारीक चमक असली तर चालतं, गिअर घासून थोडी येतेच. बोटांना टोचतील असे धातूचे कण निघाले तर ५०० किलोमीटरवर तेल पुन्हा बदलून पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही कण निघाले तर इंजिन उघडायची वेळ आली आहे. लांबच्या फेऱ्या तोवर थांबवा.